गाडीचा एसी अचानक बंद पडला? गॅस भरायच्या आधी हे तपासा

दट्ट्या (धागाकर्ता)

एसी थंड करेनासा झाला की पहिला सल्ला ठरलेला: गॅस संपला असेल, भरून टाका. त्या सल्ल्याच्या आधीची तपासणी एका जागी असावी म्हणून हा धागा. एसीचा गॅस वापरून संपत नाही, तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणारा पंप) शाफ्ट सीलमधून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपतात, तेवढं सोडलं तर गॅस कमी होणं म्हणजे गळती. ती न शोधता भरलेला गॅस आला त्याच वाटेने जाणार.

आधी लक्षण नीट ठरवा. इंजिन चालू, एसी चालू, तापमान सगळ्यात थंडवर, ब्लोअर पूर्ण, हवा आतल्या आत फिरणारी. आता व्हेंटसमोर हात धरा.

वाराच येत नसेल तर बिघाड ब्लोअरचा आहे. फक्त शेवटचा स्पीड चालतो आणि खालचे गेलेत, तर ब्लोअर रेझिस्टर जळलाय. शेवटच्या स्पीडला करंट रेझिस्टरमधून जात नाही म्हणून तेवढा वाचतो. एकही स्पीड चालत नसेल तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), अर्थ आणि शेवटी मोटर या क्रमाने जा. मोटरच्या डबीवर हलकी थाप मारल्यावर ती फिरू लागली तर कार्बन ब्रश झिजलेत. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर बंद असताना कॉम्प्रेसरला चालू व्हायची परवानगीच मिळत नाही, म्हणून हे आधी.

वारा येतो पण साधा, तर बॉनेट उघडा. सैल बाही, ओढणी, लोंबती साखळी दूर ठेवून कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे पाहा. पुली बेल्टबरोबर कायम फिरते. तिच्या पुढची चकती, म्हणजे क्लच प्लेट, एसी लावल्यावर ‘टक्’ आवाज करून पुलीला चिकटायला हवी आणि सोबत फिरायला हवी. त्याच वेळी इंजिनचा आवाज क्षणभर दबतो आणि सावरतो.

चकती फिरत नसेल तर प्रश्न बहुधा विजेचा, फिरत असूनही थंडावा नसेल तर गॅसचा, कॉम्प्रेसरचा किंवा हवेच्या झडपेचा. ही एक फाटाफूट जमली तर निम्मं काम झालं.

झडपेचं लगेच सांगून टाकतो, कारण तिच्यापायी उगाच गॅस भरला जातो. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून दोन अॅल्युमिनियमच्या नळ्या आत जातात. एसी पाच मिनिटं चालल्यावर त्यातली जाड नळी गार हवी, दमट हवेत तिला घाम सुटलेला दिसेल. नळी गार आहे आणि व्हेंटमधून कोमट हवा येतेय, तर एसी आपलं काम करतोय. गार हवेत हीटरची हवा मिसळणारी झडप अडकली आहे. तिच्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटले असतील तर इग्निशन चालू करताना डॅशबोर्डच्या मागून टकटक ऐकू येते. खात्रीसाठी हीटरकडे जाणारा गरम पाण्याचा होज रबर न कापणाऱ्या क्लॅम्पने थोडा वेळ दाबा. व्हेंट गार झाले तर निदान पक्कं.

ओहम_स्वाहा

चकती फिरत नाही या शाखेबद्दल लिहितो. मल्टिमीटर लागेल, टेस्ट लॅम्प असेल तर आणखी चांगलं.

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका, दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा. केसाएवढी तडा गेलेला फ्यूज दिसायला धडधाकट असतो. क्लचचा फ्यूज साधारण ७.५ किंवा १० अँपिअरचा असतो. बदलल्यावर लगेच उडाला तर मोठ्या अँपिअरचा घालू नका. क्लच कॉइल शॉर्ट आहे, किंवा वायर कुठेतरी पत्र्यावर घासून सोलली आहे, किंवा कॉइलला समांतर जोडलेला डायोड शॉर्ट झालाय. कॉइल बंद होताना उलटा व्होल्टेजचा झटका बसतो, तो पचवायला हा डायोड असतो. शेवटचं कारण बरेच जण विसरतात.

रिले तपासायची सोपी रीत म्हणजे त्याच बॉक्समधली त्याच नंबरची दुसरी रिले, बहुधा हॉर्नची, तिथे लावून पाहणं. फरक पडला नाही तर रिले काढून तिच्या पायांच्या खाचा तपासा. ३० नंबरच्या खाचेत कायम १२ व्होल्ट हवेत. ३० आणि ८७ या खाचा फ्यूज बसवलेल्या तारेने क्षणभर जोडा. क्लच ‘टक्’ करून बसला तर रिलेपासून क्लचपर्यंतची वायर, कॉइल आणि अर्थ ठीक आहेत, आणि बिघाड हुकूम देणाऱ्या बाजूला आहे. नाही बसला तर खाली क्लचकडे जा. इंजिन बंद ठेवून, फक्त इग्निशन चालू ठेवून ही चाचणी करता येते.

क्लचच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घटलेलं असेल तर वाटेत कुठेतरी गंज किंवा सैल पिन आहे. कनेक्टर सुटा करून मोजलेलं व्होल्टेज फसवं असतं, लोड नसताना गंजलेली वायरही पूर्ण १२ दाखवते. म्हणून कनेक्टर लावलेला असताना, मागून सुई घालून मोजा. अर्थच्या बाजूलाही असंच करा.

कॉइलचा रोध थंड असताना साधारण ३ ते ५ ओहम. अनंत दाखवला तर कॉइल तुटली. काही कॉइलमध्ये आतच थर्मल फ्यूज असतो, क्लच घसरून तापला की तो कायमचा जातो. तेव्हा नुसती कॉइल बदलून भागत नाही, क्लच का घसरला ते शोधायचं: बेअरिंग, झिजलेली प्लेट की जास्त प्रेशर.

आता सगळ्यात फसवा प्रकार. सकाळी एसी छान चालतो, अर्ध्या तासाने बंद पडतो, गाडी गार झाली की पुन्हा चालतो. याला गॅस भरून काहीही होणार नाही. क्लच प्लेट आणि पुलीमधली फट फीलर गेजने (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) मोजा, बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये ती ०.३ ते ०.६ मिलिमीटरच्या आसपास हवी (नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये). प्लेट झिजत जाते तशी फट वाढते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना ४.७ वर जाते. करंट घटतो, चुंबक कमजोर पडतो आणि वाढलेली फट ओलांडून प्लेट ओढता येत नाही. मधला बोल्ट काढून प्लेटखालची एखादी शिम (पातळ वॉशर) कमी केली की फट आत येते. शिम काढायला उरलीच नसेल तर क्लच सेट बदला.

शंकासुर

आमच्या गाडीच्या कॉम्प्रेसरला पुढे अशी सुटी चकती दिसतच नाही. पुली आणि मधला भाग एसी बंद असतानाही एकत्र फिरतात. मग बंद-चालू कसं ओळखायचं?

थंडोबा

@शंकासुर, तुमचा कॉम्प्रेसर बिनक्लचचा, बदलत्या क्षमतेचा आहे. इंजिन चालू असेपर्यंत तो फिरतोच. एसी बंद असताना आतल्या तिरक्या तबकडीचा कोन जवळजवळ शून्यावर येतो, दट्ट्यांची चाल नगण्य राहते आणि दाब तयार होत नाही. हा कोन मागे बसवलेला कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्या व्हॉल्व्हला ईसीयू (गाडीचा संगणक) विजेचे झटपट स्पंद पाठवतो.

इथे दोन गोष्टी नेहमी बिघडतात. पुलीच्या मध्यभागी मुद्दाम कमजोर ठेवलेला जोड असतो. कॉम्प्रेसर आतून जाम झाला तर तो तुटतो, म्हणजे बेल्ट आणि इंजिन वाचतं. तेव्हा पुली फिरते पण मधला नट स्थिर दिसतो. नुसती नवी पुली घालू नका, आधी इंजिन बंद करून शाफ्ट हाताने फिरतो का पाहा. फिरत नसेल तर नवी पुलीही तुटेल.

दुसरा बिघाड कंट्रोल व्हॉल्व्हचा. गेज लावल्यावर लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारा कमी दाब) आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणारा जास्त दाब) जवळजवळ सारख्याच राहतात, स्टॅटिक प्रेशर (इंजिन बंद असतानाचा दाब) मात्र व्यवस्थित असतं. व्हॉल्व्हच्या प्लगवर स्पंद येतात का ते मीटरच्या ड्युटी सायकल सेटिंगवर पाहा. येत असूनही दाबात फरक पडत नसेल तर व्हॉल्व्ह अडकलाय. बऱ्याच मॉडेलमध्ये तो सुटा मिळतो आणि एका सर्क्लिपवर बसतो, पण त्यासाठी गॅस मशीनने काढून घ्यावा लागतो. त्याऐवजी सरसकट अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं जातं, तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा.

ओहम_स्वाहा

भर घालतो. ओबीडी स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) असेल तर क्लचवाली गाडी असो वा बिनक्लचची, लाइव्ह डेटात दोन ओळी शोधा: एसीची मागणी आणि एसी रिलेचा हुकूम. मागणीच ‘बंद’ दाखवत असेल तर बटण, पॅनेल, ब्लोअर किंवा कूलिंग कॉइलचा (डॅशबोर्डच्या आतली जाळी, जिच्यातून हवा गार होऊन येते) सेन्सर. मागणी ‘चालू’ पण हुकूम ‘बंद’ असेल तर ईसीयू मुद्दाम अडवतोय. कारण बहुतेक वेळा त्याच यादीत सापडतं: कूलंट फार तापलंय, गॅसचं प्रेशर हद्दीबाहेर आहे, बॅटरी व्होल्टेज पडलंय, किंवा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याची चुकीची खबर येतेय.

कूलिंग कॉइलच्या सेन्सरची एक गंमत आहे. त्याचा रोध थंडीत वाढतो. वायर तुटली की रोध अनंत, आणि ईसीयूला वाटतं कॉइल बर्फापेक्षा गार आहे, म्हणून तो कॉम्प्रेसर लावतच नाही. भर उन्हात यादीत उणे ४० अंश दिसले की समजायचं.

अवांतर: उंदीर. गाडी काही दिवस उभी होती आणि त्यानंतर एसी गेला असेल तर मीटर काढायच्या आधी कॉम्प्रेसरकडे आणि प्रेशर सेन्सरकडे जाणाऱ्या वायरी नजरेखालून घाला.

गेजबहाद्दर

विजेची बाजू आली, आता दाबाची. आकडे आर-१३४ए साठी आहेत. नव्या गाड्यांतल्या आर-१२३४वायएफचे दाब याच्या जवळपास असतात, पण जोडणीची तोंडं वेगळी असतात, गॅस थोडा ज्वलनशील असतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. लहान गाडीत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम, मागेही कूलिंग कॉइल असलेल्या मोठ्या गाडीत त्याच्या दुप्पट असू शकतो.

पहिलं माप इंजिन बंद असताना घ्या. गाडी काही तास सावलीत उभी राहिली की दोन्ही गेज सारखीच दिसायला हवीत आणि तो दाब हवेच्या तापमानावर ठरतो:

२० अंश: सुमारे ६८ पीएसआय
२५ अंश: ८२
३० अंश: ९७
३५ अंश: ११४
४० अंश: १३३

याचा अर्थ लावताना घोटाळा होतो. ३० अंशांना ९७ दिसले म्हणजे गॅस पूर्ण आहे असं नाही. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब एवढाच राहतो, मग तो ४०० ग्रॅम असो की १५०. यावरून फक्त इतकंच कळतं की सिस्टिम रिकामी नाही. उलट ३० अंशांना ४० दिसले तर द्रव संपलाय, मोठी गळती आहे. आणि ११५-१२० दिसले तर आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलाय. वरून आणखी भरून उपयोग नाही, सगळा काढून व्हॅक्यूम मारून वजनाने भरायचा.

दुसरं माप चालू इंजिनवर, १५०० आरपीएमच्या आसपास, दारं उघडी, ब्लोअर पूर्ण. बाहेर ३५ अंश असताना निरोगी गाडीत लो साइड साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय.

दोन्ही कमी: गॅस कमी. दोन्ही जास्त: कंडेन्सरला (पुढची जाळी, जिथे गॅस गार होऊन द्रव होतो) वारा नाही, गॅस जास्त भरलाय किंवा आत हवा आहे. फरक करायला कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. हाय साइड झरझर खाली येऊन थंडावा सुधारला तर पंखा किंवा चोक झालेला कंडेन्सर.

लो जास्त आणि हाय कमी, दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले: कॉम्प्रेसरच्या आतल्या झडपा गेल्या, किंवा थंडोबांनी सांगितलेला कंट्रोल व्हॉल्व्ह. लो साइड शून्याखाली व्हॅक्यूमकडे आणि हाय साइड साधारण किंवा कमी: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी द्रव बारीक भोकातून सोडणारा) किंवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) चोक. चोक कुठे आहे ते हाताला कळतं. जिथे नळी एकाएकी गार होते किंवा दव-बर्फ धरते तिथेच अडथळा. ड्रायरच्या आधी गरम आणि नंतर गार असेल तर ड्रायर भरलाय.

लो साइड जास्त, आणि कॉम्प्रेसरकडे परत येणारी जाड नळी कॉम्प्रेसरच्या तोंडापर्यंत बर्फाळलेली: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. असा चालवू नका, द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर झडपा तोडतो.

पाना१२

दट्ट्या, मांडणी आवडली, पण चकती फिरत नसेल तर बहुधा वीज, याला एक पुरवणी लागेल. गॅस गेल्यानेही क्लच बसत नाही. बहुतेक गाड्यांत हाय साइडवर प्रेशर स्विच किंवा सेन्सर असतो. दाब साधारण २ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या, म्हणजे २८ पीएसआयच्या खाली गेला की तो क्लच तोडतो. वरची मर्यादा ३२ किलोच्या आसपास. म्हणून रिले-कॉइलची उस्तवार करण्याआधी स्टॅटिक प्रेशर बघितलेलं बरं. दोन मिनिटांचं काम आहे.

क्रम बदलूनच घ्या: चकती, मग फ्यूज, मग स्टॅटिक प्रेशर, मग बाकीची वीज.

आणि हळूहळू गळणाराही ‘अचानक’ भासतो, कारण थंडीच्या दिवसांत एसी लावलेलाच नसतो. उन्हाळ्यात बटण दाबल्यावर कळतं. खरा अचानक जाणारा गॅस तीन ठिकाणांहून जातो: दगड लागून फुटलेला कंडेन्सर, घासून फाटलेला होज आणि कॉम्प्रेसरचा रिलीफ व्हॉल्व्ह. तिसरा महत्त्वाचा. पंखा बंद पडला, दाब चढत गेला आणि प्रेशर स्विचने क्लच वेळेवर तोडला नाही तर हा व्हॉल्व्ह गॅस बाहेर फेकतो. मग गाडी येते ‘गॅस संपला’ म्हणून. पंखा न बघता गॅस भरला की पहिल्याच रहदारीत तोच प्रकार.

शंकासुर

प्रेशर स्विचच्या दोन पिना तारेने जोडून कॉम्प्रेसर चालतो का बघतात ना? ते चालेल का?

ओहम_स्वाहा

पाच सेकंद, निदानापुरतं, चालेल. दोन पिनांचा साधा स्विच असेल तरच. तीन पिनांचा असेल तर तो सेन्सर असतो: एक ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. तिथे तार जोडली तर ईसीयूचा ५ व्होल्टचा पुरवठा शॉर्ट होतो आणि त्याच पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सरही झोपतात. त्याचा सिग्नल मोजा किंवा स्कॅनरवरचा दाब गेजशी ताडून पाहा.

पाना१२

माझं मत: स्टॅटिक प्रेशर पाहिल्याशिवाय पाच सेकंदही नको. कॉम्प्रेसरला वेगळा ऑइल पंप क्वचितच असतो, तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे वंगण नाही. ती तार ‘तात्पुरती’ म्हणून तशीच राहिलेल्या गाड्या असतात, आणि त्यांचे कॉम्प्रेसर आतून घासून राखाडी चुरा सगळ्या सिस्टिमभर पसरवतात. मग फक्त कॉम्प्रेसर बदलून चालत नाही. हल्लीच्या कंडेन्सरच्या वाहिन्या इतक्या बारीक असतात की फ्लश करून चुरा निघत नाही. कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे, बाकी नळ्या आणि कूलिंग कॉइल फ्लश.

ओहम_स्वाहा

मान्य. दाब ठीक असेल तरच.

गेजबहाद्दर

गळती शोधण्याबद्दल. गॅस एकटा गळत नाही, सोबत तेल आणतो आणि तेलावर धूळ बसते. म्हणून आधी टॉर्च घेऊन काळे तेलकट डाग शोधा: होजच्या मुठी दाबलेल्या जागा, नळ्यांचे जोड, कंडेन्सरचा खालचा भाग, क्लचच्या मागे शाफ्ट सील. भरायच्या तोंडांवरची टोपणं काढून आत साबणाचं पाणी सोडा, तिथली छोटी व्हॉल्व्ह सुई गळणं अगदी नेहमीचं आहे. टोपण नसेल तर नवीन लावा.

इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर टोक जोडाच्या खालच्या बाजूने फिरवा, गॅस हवेपेक्षा जड असतो. वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्याने दिसत नाही. ब्लोअर थोडा वेळ चालवून बंद करा, दहा मिनिटांनी पाणी निचरा होणाऱ्या नळीच्या तोंडाशी टोक धरा (पाणी आत ओढलं जाणार नाही एवढं सांभाळून).

सिस्टिम रिकामी असेल तर रेग्युलेटर लावलेल्या नायट्रोजनने १५० पीएसआयपर्यंत दाब द्या आणि साबणाचा फेस लावा. टायरच्या हवेने ही चाचणी करू नका, तिच्यात बाष्प असतं. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडून स्फोट होतो.

जोड उघडला की ओ-रिंग नवी, तीही एसीच्या गॅसला चालणारी, कॉम्प्रेसरच्याच तेलाचा हात लावून बसवायची. सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही नवा. बदललेल्या भागाबरोबर गेलेलं तेल परत घालावं लागतं, कंडेन्सरला साधारण ३० मिलिलिटर, कूलिंग कॉइलला ४० ते ५०. पक्का आकडा मॅन्युअलचा. पॅग तेलाचा (कॉम्प्रेसरचं नेहमीचं तेल) डबा उघडा ठेवू नका, ते हवेतलं पाणी शोषतं.

व्हॅक्यूम किमान ३० ते ४५ मिनिटं. नंतर पंप बंद करून १५-२० मिनिटं काटा हलतो का बघा. व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण चालताना आत २०० पीएसआय असतात आणि व्हॅक्यूमचा फरक जेमतेम १५ चा. पण टिकला नाही तर गळती नक्की आहे. मग गॅस वजन करून. ४०० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये ४० ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के, तेव्हा ‘गेज बघून अंदाजाने’ ही पद्धत लहान गाड्यांना लागू पडत नाही. जास्त गॅसही थंडावा घालवतो, हे लोकांना पटत नाही.

सुरक्षेचं: चष्मा आणि हातमोजे. आर-१३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर इजा कायमची. इंजिन चालू असताना आणि गॅसचा डबा जोडलेला असताना गेजचा लाल, म्हणजे हाय साइडचा, नॉब उघडायचा नाही, हाय साइडचा दाब डब्यात शिरून डबा फुटतो. जुना गॅस हवेत सोडू नका. तापमानवाढीची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे, त्यासाठी रिकव्हरी मशीन असतं.

मधली_सीट

लांबच्या प्रवासात तासाभराने वारा कमी कमी होत जातो आणि थंडावा जातो. एसी वीस मिनिटं बंद ठेवला की परत चालू होतो. हा क्लचच्या फटीचा प्रकार का?

थंडोबा

नाही. तुम्ही लिहिलंय त्यात ‘वारा कमी होतो’ हा धागा पकडा. क्लच सुटला तर वारा तेवढाच राहतो, फक्त गरम होतो. वारा कमी होतोय म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ साचून हवेची वाट बंद होतेय. एसी बंद केल्यावर गाडीखाली नेहमीपेक्षा खूप जास्त पाणी गळेल. आधी केबिन फिल्टर काढून पाहा, तुंबलेला असतो. मग कॉइलचा सेन्सर: कॉइल ३-४ अंशांच्या आसपास आली की त्याने कॉम्प्रेसर तोडायला हवा. तो जागेवरून निसटला असेल किंवा चुकीचं तापमान सांगत असेल तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि रोध मॅन्युअलमधल्या ० अंशांच्या आकड्याशी ताडा. गॅस किंचित कमी असला तरीही बर्फ धरतो.

याचाच एक भाऊबंद आहे: वारा जोरात, पण थंडावा अधूनमधून गायब, आणि त्या वेळी लो गेज व्हॅक्यूमकडे. हे सिस्टिममधल्या पाण्याचं काम. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात त्याचा बर्फ होतो, एसी थांबला की वितळतो. उपाय म्हणजे नवा ड्रायर आणि भरपूर वेळ व्हॅक्यूम.

पाना१२

गळती बुजवणाऱ्या डब्यांबद्दल कुणी विचारायच्या आधीच: घालू नका. ते द्रव्य बाष्प लागलं की घट्ट होतं. सिस्टिममध्ये ओल असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्येच घट्ट होईल, आणि पुढच्या माणसाचं रिकव्हरी मशीनही घेऊन बसेल.

गॅसचं सिलिंडरही ओळखीचं असू द्या. आर-१३४एच्या नावाखाली आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, मिसळलेला माल बाजारात आलेला आहे. तो अॅल्युमिनियमशी अभिक्रिया करून हवा लागताच पेटणारं संयुग तयार करतो. २०११ मध्ये जहाजांवरच्या थंड कंटेनरच्या कॉम्प्रेसरचे स्फोट होऊन माणसं दगावली, त्यामागे हाच भेसळीचा गॅस होता.

दट्ट्या (धागाकर्ता)

पाना१२ यांचा क्रम मान्य, वाचणाऱ्यांनी तोच धरावा. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांचं दोन ओळींत: तिथे कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीवर, शेकडो व्होल्टवर चालतो. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, वरच्या कुठल्याही चाचण्या तिथे करायच्या नाहीत. तेल साधारणपणे पीओई जातीचं, कारण पॅग तेल वीज वाहू देतं. साध्या गाडीला वापरलेल्या होजमधून थोडं पॅग शिरलं तरी इन्शुलेशनचा दोष दाखवून कॉम्प्रेसर बंद होऊ शकतो. अनेक गाड्यांत बॅटरीही याच गॅसवर गार होते, त्यामुळे एसी गेला की जलद चार्जिंग मंदावतं.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. डावीकडचे व्हेंट गार आणि उजवीकडचे कोमट, असं असेल तर झडप समजायची ना?

गेजबहाद्दर

दोन्ही बाजूंना वेगळं तापमान लावता येत असेल तर आधी झडप, हो. दोन्ही बाजू सगळ्यात थंडवर आणा, मग अदलाबदल करून फरक कुठे सरकतो ते पाहा. एकच नॉब असेल तर मात्र गॅस कमी असण्याचा संशय जास्त. द्रव कमी पडला की कूलिंग कॉइलचा गॅस शिरतो तेवढाच भाग गार होतो, उरलेल्या भागातून हवा तशीच कोमट निघते. दोन व्हेंटमध्ये थर्मामीटर लावून १५०० आरपीएमवर दहा मिनिटं चालवा. फरक पाच-सहा अंशांच्या वर गेला तर गॅस मशीनने काढून वजन करा आणि स्टिकरवरच्या ग्रॅमशी ताडा. जेवढा कमी निघेल त्यावरून गळती किती मोठी शोधायची ते कळेल.